रेमो फर्नांडिस आणि गोव्याचं संगीत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोव्याच्या संगीताचा विषय निघाला की रेमो फर्नांडिस यांचं नाव येतंच, आणि त्यापाठोपाठ ठरावीक प्रश्नही येतात. पुण्यामुंबईचे मित्र, परदेशात वाढलेली भाचरं, गोव्याला निघण्याआधी ‘तिथलं काहीतरी खरं ऐकव’ म्हणणारे शेजारी, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे आणि ते मुद्दाम लांबू दिलं आहे.

‘हम्मा हम्मा’ गाणारे रेमो ते हेच ना?

हेच. मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’मधलं (१९९५) हे गाणं तमिळमध्ये ए. आर. रहमान यांनी स्वतः गायलं आणि हिंदीत स्वर्णलता यांच्या जोडीने रेमोंनी. १९९८ साली ‘प्यार तो होना ही था’चं शीर्षकगीत त्यांनी जसपिंदर नरूला यांच्याबरोबर गायलं. लग्नाच्या हॉलमध्ये आणि वरातीत ते पुढे कितीतरी वर्षं वाजत राहिलं.

मराठी घरांत रेमोंची ओळख बहुधा या दोन गाण्यांवर थांबते आणि याचं मला खरोखर वाईट वाटतं. दोन्ही गाण्यांत आवाज त्यांचा आहे. शब्द आणि चाल दुसऱ्यांची. रेमो हे मुळात स्वतः लिहिणारे, स्वतः चाल बांधणारे, स्वतः वाजवणारे आणि मग गाणारे कलावंत. इंग्रजी, कोकणी, पोर्तुगीज आणि हिंदी या चारही भाषांत त्यांनी गायलं आहे. रॉक, रेगे, गोव्याचा मांडो, लॅटिन ताल, बासरीवरचे आपले सूर हे सगळं त्यांच्या गाण्यात येतं, कधी कधी एकाच गाण्यात येतं.

नृत्यदिग्दर्शक रेमो डिसोझा यांच्याशी काही नातं?

नाही. फक्त नाव सारखं आहे. शोधताना ‘रेमो फर्नांडिस’ असं पूर्ण नाव टाका, म्हणजे घोळ होणार नाही.

ते मूळचे कुठले? घरी कोणती भाषा बोलायचे?

जन्म ८ मे १९५३चा, पणजीतला. घराणं बार्देशातल्या शिवोलीचं. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ रोजी ते संपलं तेव्हा रेमो आठ वर्षांचे होते. पणजीतल्या शिकल्यासवरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्या काळी घरात पोर्तुगीज बोलली जायची, बाजारात आणि वाड्यावर कोकणी. मुक्तीनंतर शाळांतून इंग्रजी आली आणि रेडिओवर हिंदी गाणी तर होतीच. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर चार भाषा पडत होत्या आणि प्रत्येक भाषेबरोबर तिची गाणी. त्यात लंडनहून आलेल्या एका नातेवाइकाने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ची रेकॉर्ड आणली आणि मुलगा रॉक अँड रोलच्या नादाला लागला. शाळेतच ‘बीट फोर’ नावाचा बँड झाला.

शिवोलीविषयी थोडं सांगायलाच हवं, कारण रेमोंचं गाणं कळायला हे गाव फार उपयोगी पडतं. शापोरा नदीच्या काठी वसलेलं हे गाव. २४ जूनला सांज्यांवच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी इथे सजवलेल्या होड्या पाण्यात उतरतात, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घातलेली माणसं गात-वाजवत त्यात उभी असतात. नाताळनंतरच्या पहिल्या सोमवारी रात्री गावचा जागोर असतो. या जागोराला हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्हीकडची घरं मिळून बसतात, मानपानही दोघांचा. रात्रभर गाणं, सोंगं, नाच. सर्वधर्मसमभाव वगैरे शब्द तिथे कोणी उच्चारत नाही. गावाचं राखण करणाऱ्याचा उत्सव आहे, तो सगळ्या गावाने करायचा, एवढंच. रेमोंचं पितृगाव हे असं आहे.

पाश्चात्त्य संगीत गोव्यात इतकं घराघरात कसं पोचलं?

चर्चच्या शाळांमुळे. पोर्तुगीज राजवटीच्या सुरुवातीच्या शतकांपासून गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळा असत आणि तिथे प्रार्थनेसाठी गाणारी-वाजवणारी मुलं तयार करत. संगीत शिकवणारा मेस्त मुलांना सोलफा, म्हणजे पाश्चात्त्य सारेगम, घोकून घ्यायचा, स्वरलिपी वाचायला लावायचा, हातात व्हायोलिन द्यायचा. घरची परिस्थिती बेताची, शेती थोडीशी, पण मुलगा कागदावरचं संगीत बघता बघता वाचून वाजवू शकतो असं चित्र गोव्यातल्या खेड्याखेड्यांत होतं. ही विद्या घेऊन माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली. कोणी लष्कराच्या बँडमध्ये गेला, कोणी बोटीवर, कोणी संस्थानिकांच्या दरबारात आणि पुष्कळ जण मुंबईला. धोबी तलाव, माझगाव भागातल्या गावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोल्यांमध्ये, पेटी ठेवायची आणि काम शोधायचं.

मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ या लोकांनी उभा केला. मग हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत ते शिरले. आपले सी. रामचंद्र आठवा. ‘अलबेला’तल्या त्या उडत्या ठेक्यांमागे चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवादक होता, तो गोवेकर. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचं वाद्यवृंदलेखन करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे गुरू. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यात त्यांचं नाव दुमदुमलं ते या शिष्याच्या कृतज्ञतेमुळे, पण ते नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे लोकांना बऱ्याच उशिरा कळलं.

हा इतिहास रेमोंसंदर्भात मी नेहमी सांगतो, कारण आधीच्या पिढ्यांची कला बहुतांशी दुसऱ्यांच्या नावावर जमा झाली. रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव, पडद्यावर नायकाचा चेहरा, व्हायोलिन आणि ट्रम्पेट मात्र गोवेकरांचे. रेमोंनी वाट वेगळी धरली. शब्द माझे, सूर माझे, कॅसेटवर नावही माझंच आणि तेही गोव्यात, स्वतःच्या घरात बसून. त्यांच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते हे.

मांडो, दुलपद, देखणी म्हणजे नेमकं काय?

तिन्ही गोव्याचे गीतप्रकार, कोकणीतले.

मांडो संथ असतो. प्रेम, विरह, निरोप हे त्याचे विषय. सासष्टीतल्या कुडतरी, राय, लोटली अशा गावांतल्या भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरांत, लग्नसमारंभांत तो एकोणिसाव्या शतकात घडला. दोन आवाज एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून बरोबर चालतात, मागे व्हायोलिन, आणि ताल धरायला घुमट. घुमट म्हणजे मातीचं दोन तोंडांचं भांडं. मोठ्या तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं ताणत, आता कायद्यामुळे बकऱ्याचं लावतात. हेच घुमट गोव्यात देवळातल्या आरतीलाही वाजतं. २०१९ मध्ये त्याला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता मिळाली. तोर्काताद फिगेरेदु यांचा ‘अदेव्स करचो वेळ पावलो’ हा मांडो गोव्यात निरोपाच्या वेळी आजही म्हणतात. त्यातला पहिला शब्द पोर्तुगीज, पुढचे मराठी माणसाला न सांगता कळावेत असे.

दुलपद चालीला वेगवान, मांडोच्या पाठोपाठ येणारं, गावातल्या गमतीजमतींचं. जड झालेली मनं हलकी करायचं काम ते करतं. देखणी मला सगळ्यात रोचक वाटते: ख्रिस्ती गोवेकरांनी रचलेली, पण हिंदू स्त्रीच्या तोंडची गाणी. ‘हांव सायबा पलतडी वेतां’मधली कलावंतीण दामूच्या लग्नाला जायला नदीपलीकडची वाट विचारते आणि त्यासाठी अंगावरचे दागिने देऊ करते. ‘बॉबी’मुळे (१९७३) तिची चाल सगळ्या देशाला पाठ झाली.

१९८५ साली रेमोंनी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ ही कॅसेट काढली ती असल्या जुन्या गाण्यांची. जुन्या गाण्यांना त्यांनी गिटार दिली, ठेका थोडा तरुण केला, पण चालीच्या अंगाला धक्का लावला नाही. गोव्यातल्या त्या वेळच्या तरुण पोरांना आजीची गाणी पार्टीत लावायला लाज वाटेनाशी झाली, याचं बरंच श्रेय या कॅसेटला जातं असं माझं मत आहे.

ते आर्किटेक्ट होते म्हणतात, खरं का?

खरं. मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले. शिकता शिकता ‘सॅव्हेजेस’सारख्या त्या काळच्या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवत होते. पदवी घेतली, पण नकाशे काढत बसले नाहीत. १९७७ ते १९८० या काळात मिळेल त्या गाडीला हात करत युरोप आणि उत्तर आफ्रिका हिंडले. रस्त्यावर, चौकांत गाऊन-वाजवून पोट भरलं. गिटारबरोबर बासरी त्यांच्या हातात आहे आणि तिच्यामुळे त्यांच्या रॉकमध्येही मधूनच आपल्याकडची एखादी संध्याकाळ उतरते. अल्जीरिया-मोरोक्कोकडचे ताल, फ्रान्समधलं गाणं, स्पॅनिश गिटार हे त्यांनी पुस्तकातून उचललेलं नाही, त्या त्या रस्त्यावर उभं राहून ऐकलेलं आहे.

नंतर ते युरोपात राहिले असते तर कोणी नवल केलं नसतं. ते शिवोलीला परतले.

अख्खा अल्बम एकट्याने घरात केला, हे कसं शक्य आहे?

१९८४चा ‘गोअन क्रेझी’ तसाच झाला. आज मोबाईलवर गाणं करणाऱ्या मुलांना यात विशेष काही वाटणार नाही, म्हणून हे जरा सविस्तर.

त्या वेळी रेकॉर्डिंग म्हणजे मुंबईचा स्टुडिओ, तासाचं भाडं, वादकांचे पैसे आणि मागे एखादी कंपनी. स्वतःची इंग्रजी गाणी लिहिणाऱ्या भारतीयामागे उभी राहणारी कंपनी मिळणं फार कठीण. रेमोंनी चार ट्रॅकचा छोटा रेकॉर्डर घेतला आणि शिवोलीच्या घरात काम मांडलं. अशा यंत्रावर काम कसं चालतं ते बघा. पहिल्या ट्रॅकवर ताल वाजवायचा. तो कानाला लावून दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार. आता चौथा एकच उरला आणि गाणं तर अजून गायचंच आहे. मग हे तिन्ही एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवायचे. पहिले तीन मोकळे झाले, त्यांवर आवाज, बासरी, दुसरा आवाज.

यातली मेख अशी की मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. ताल जरासा मोठा राहिला, गिटार जराशी दबली, तर सगळं पहिल्यापासून. शिवाय प्रत्येक उतरवणीला टेपची सरसर वाढते आणि वरच्या सुरांची धार कमी होते. त्यामुळे गाणं कसं वाजणार आहे हे पहिली टिचकी मारायच्या आधी डोक्यात पूर्ण असावं लागतं. आधी मनात इमारत उभी करायची आणि मग पाया खणायचा, ही शिस्त त्यांना जे. जे.ने शिकवली असेल का, असं मला नेहमी वाटतं.

गाणी त्यांची, वाद्यं त्यांनीच वाजवलेली, सगळे आवाज त्यांचेच, ध्वनिमुद्रण त्यांचं, वेष्टनावरचं चित्रही त्यांचं. कॅसेट तयार झाल्यावर त्या पिवळ्या स्कूटरवर लादून गोव्यातल्या दुकानादुकानांत पोचवल्या, त्याही त्यांनीच. आज ज्याला स्वतंत्र संगीत म्हणतात त्याची आपल्याकडची सुरुवात शोधायची असेल तर ती या स्कूटरपाशी सापडेल.

गाणी इंग्रजीत का? मग ती आपली कशी म्हणायची?

हा प्रश्न मराठीभाषक हमखास विचारतात आणि तो रास्त आहे.

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे इंग्रजी गाणारे बँड भरपूर होते. कॉलेजांचे महोत्सव, हॉटेलं, क्लब सगळीकडे. पण ते गात असत लंडन-अमेरिकेची गाजलेली गाणी आणि मूळ गाण्याशी जितकं हुबेहूब तितकी वाहवा. श्रोत्यांनाही तेच हवं असे. रेमोंच्या गाण्यांत मुंबई आली, मंत्री आले, आणि टेलिफोनही आला. फोनचा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारे, आणि फोन आल्यावर तो मुका पडला म्हणून लाइनमनची मनधरणी करणारे लोक होतो आपण. त्या फोनवर त्यांनी थेट ग्रॅहम बेलला उद्देशून गाणं लिहिलं. हे गाणं कुठल्या लंडनच्या बँडला सुचणार होतं?

भाषाही ऐका. ती पणजीच्या आणि वांद्र्याच्या रस्त्यावर बोलली जाणारी इंग्रजी आहे, तिचे हेल आपल्या ओळखीचे आहेत. रेमोंना ज्या भाषेत राग येतो, हसू येतं, त्या भाषेत त्यांनी लिहिलं. गोव्याच्या त्यांच्या पिढीतल्या माणसाला इंग्रजी परकी नाही, जशी बेळगावच्या माणसाला कन्नड परकी नाही.

राजकारण्यांवर इतकं उघड गाण्याची हिंमत कुठून आली?

हिंमत त्यांची स्वतःची, पण मागे परंपरा भक्कम आहे. गोव्याचं तियात्र, म्हणजे तिथलं कोकणी संगीत नाटक, बघितलं असेल तर लगेच लक्षात येईल. पहिलं तियात्र झालं ते मुंबईत, १७ एप्रिल १८९२ रोजी. लुकाझिन रिबेरो यांनी न्यू आल्फ्रेड थिएटरात ‘इटालियन बुर्गो’ सादर केलं. इटालियन ऑपेरा मंडळीबरोबर काम केलेला हा माणूस आणि त्याने कोकणी नाटक उभं केलं. तियात्राच्या प्रवेशांच्या मध्ये कांतारं, म्हणजे गाणी असतात. कथेशी संबंध नसला तरी चालतो. गायक पडद्यापुढे येतो आणि खाण, जमीन, मंत्री, महागाई, जे डोक्यात असेल त्यावर नावागावासह गातो. लोक एकेका कडव्याला टाळ्या वाजवून पुन्हा म्हणायला लावतात. मंत्र्याची टर उडवणं हा गोव्याच्या रंगमंचावर मानलेला हक्क आहे.

रेमोंनी तो हक्क रॉकच्या मंचावर आणला. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांना उद्देशून ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणं त्यांनी म्हटलं, त्यातलं मोकळं बोलणं काहींना उद्धटपणाचं वाटलं आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. खुद्द राजीव गांधींनी पत्र लिहून गाणं आवडल्याचं कळवलं. १९९२च्या त्यांच्या एका अल्बमचं तर नावच राजकारण्यांना रॉक अँड रोल जमत नाही, अशा अर्थाचं आहे. मला या गाण्यांचं मोल वाटतं ते यासाठी की त्यांतला राग मतदाराचा आहे. कुठल्या पक्षाची बाजू घेतल्याचं त्यात ऐकू येत नाही.

‘पॅक दॅट स्मॅक’ कशावर आहे?

अमली पदार्थांवर, विशेषतः हेरॉईनवर. अल्बम १९८६चा. गोव्याच्या किनाऱ्यांवर हिप्पी येऊन स्थिरावले होते आणि त्यांच्याबरोबर आलेलं व्यसन गावातल्या मुलांपर्यंत पोचत होतं. हणजूण हे सगळं जिथे चाललं होतं ते गाव शिवोलीपासून हाकेच्या अंतरावर. उपदेशाची गाणी एरवी कंटाळवाणी होतात. हे नाचता येण्यासारखं आहे, म्हणूनच ते त्या मुलांपर्यंत गेलं. याच वर्षी पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवात त्यांना पारितोषिकं मिळाली. पुढच्या वर्षी ‘बॉम्बे सिटी’ आला आणि देशभरच्या कॉलेजांत त्यांचं नाव झालं.

हिंदी सिनेमात त्यांनी एवढं कमी का केलं?

कमी केलं, पण जे केलं ते ठसठशीत. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) बघा. १९६१च्या गोव्यातल्या एका घराण्याची गोष्ट, चित्रण लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या घरात झालं. त्यात रेमो पडद्यावर गिटार घेऊन गाताना दिसतात. १९८७ साली पंकज पराशर यांच्या ‘जलवा’चं शीर्षकगीत त्यांचं. त्यातला दणका तेव्हाच्या हिंदी गाण्यांत नवा होता. मग थेट ‘हम्मा हम्मा’. इंडिपॉपच्या लाटेत, १९९८ साली, ‘ओ मेरी मुन्नी’ आलं.

दुसऱ्याच्या चालीवर गाणं हे त्यांचं मुख्य काम कधीच नव्हतं आणि मुंबईत मुक्काम ठोकल्याशिवाय पार्श्वगायनाचा धंदा चालत नाही. ते शिवोलीत राहिले. पार्श्वगायक म्हणून त्यांनी अजून शंभर गाणी गायली असती तर मला आनंद झाला असता. पण त्यापायी त्यांची स्वतःची दहा गाणी कमी झाली असती तर तो सौदा मला पटला नसता.

याला फ्यूजन म्हणायचं का?

दुकानदाराने म्हणावं, कप्पा ठरवायला सोयीचं असतं. मला तो शब्द इथे तोकडा वाटतो. फ्यूजनमध्ये बहुधा दोन तयार परंपरांचे दोन कलावंत एका मंचावर भेटतात, आपापलं वाजवतात, मध्ये कुठेतरी जुळवून घेतात. त्यातून सुंदर काही निघतंही. रेमोंच्या बाबतीत असं वेगळं वेगळं काही नव्हतंच. मिरची पोर्तुगीजांनी आणली, पण गोव्याच्या आमटीतली मिरची आता काढून दाखवता येत नाही. त्यांच्या गाण्यातल्या पोर्तुगालच्या फादो गाण्याचं आणि घुमटाचं तसंच आहे.

एक उदाहरण कानांनीच तपासा. ‘मारिया पिताशे’ हे दमणकडचं मानलं जाणारं जुनं गाणं रेमोंनी गायलं आहे. ठेका नाचाचा, शब्द दोनतीन भाषांतले, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना भाषा बदलते आणि गाणाऱ्याच्या आवाजात त्याची जाणीवसुद्धा नसते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना एसटीत जसं सीमा ओलांडल्याचं कळतं, तसं इथे काही कळत नाही.

त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, मग त्यांना भारतीय कलावंत कसं म्हणायचं?

पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा हक्क देतो. हजारो गोवेकरांनी तो घेतला आहे, बहुतेकांनी युरोपात काम करता यावं म्हणून. रेमोंनीही घेतला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे पासपोर्ट एकच राहतो. यावरून त्यांच्यावर टीका झाली. भारत सरकारने त्यांना २००७ मध्ये पद्मश्री दिली ती गाण्यासाठी, आणि ती गाणी गोव्याबद्दल, मुंबईबद्दल, इथल्या मंत्र्यांबद्दल आहेत. ज्याने आयुष्यभर इथल्या गोष्टींवर इतक्या आत्मीयतेने भांडण केलं त्याचं आपलेपण पासपोर्टच्या रंगावरून मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

कोकणी कळत नाही. ऐकायला सुरुवात कुठून करू?

आधी ‘ओल्ड गोअन गोल्ड’मधली गाणी. मराठी येणाऱ्याला निम्मं तरी कळतंच आणि उरलेलं दुसऱ्यांदा ऐकताना उमगतं. मग ‘गोअन क्रेझी’, पण एका अटीवर: चांगले हेडफोन लावा आणि मागचे आवाज, बेस, बासरी यांच्याकडे लक्ष द्या. सगळीकडे तोच एक माणूस आहे हे लक्षात ठेवून ऐकलं की गंमत वाढते. त्यानंतर ऐंशीच्या दशकातली इंग्रजी गाणी, शब्द समोर ठेवून. ‘हम्मा हम्मा’ शेवटी पुन्हा लावा. तो आवाज तोपर्यंत ओळखीचा झालेला असतो आणि गाण्यात तो कुठून काय घेऊन आलाय हे ऐकू यायला लागतं.

त्यांच्या मंचावरच्या बँडचं नाव ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’ होतं. जुने चित्रित कार्यक्रम सापडले तर जरूर बघा. स्टुडिओतला नेटकेपणा बाजूला ठेवून हा माणूस लोकांना कसा उचलतो ते तिथे दिसतं.

त्यांच्यासारखं आणखी कोणाला ऐकावं?

मागे जायचं असेल तर लोर्ना कोर्देरो. ख्रिस पेरी यांच्या जॅझ बँडबरोबर त्यांनी गायलेली कोकणी गाणी चुकवू नका. मुंबईच्या हॉटेलांतला जॅझ आणि गावची कोकणी कशी एकजीव झाली ते त्यात आहे. पुढे यायचं तर सोनिया शिरसाट. फोंड्याकडची ही गायिका फादो गाते आणि लिस्बनच्या लोकांना तो पटवते. मांडोही तितक्याच जीव लावून गाते.

गोव्यात गेल्यावर हे प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये फारसं नाही. जूनच्या शेवटी जाणार असाल तर सांज्यांवला शिवोली. पाऊस असतो, भिजण्याची तयारी ठेवा. नाताळात गेलात तर मुक्काम वाढवून जागोराची रात्र गाठा आणि तिथे बघे म्हणून वागा; तो गावाचा विधी आहे, कार्यक्रम नव्हे. पणजीत मांडो महोत्सव होतो, त्यात गावोगावचे संच म्हाताऱ्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत उतरतात; शाळकरी मुलांचा गट चुकवू नका. आणि मडगावच्या रवींद्र भवनात किंवा पणजीच्या कला अकादमीत तियात्र लागलेलं असेल तर तिकीट काढून खुशाल आत जा. कथा कळली नाही तरी कांतारांना शेजारचे लोक कुठे हसतात, कुठे ओरडून पुन्हा म्हणायला लावतात, त्यावरून विषय बरोबर कळतो. मध्यंतरात शेजाऱ्याला विचारलंत तर कोणत्या मंत्र्यावर होतं तेही सांगतील.